दुधाचं लायसन: विदर्भातल्या गावात पनीर-खव्याचं युनिट कागदावर कसं आणायचं

आपल्याकडे दूध सकाळी कॅनमध्ये भरून संकलन केंद्रावर जातं, फॅट आणि डिग्री (लॅक्टोमीटरचा आकडा) बघून भाव मिळतो आणि व्यवहार तिथंच संपतो. त्या दुधाचं पनीर, खवा किंवा दही करून विकलं तर हातात जास्त उरतं, हे आता गावोगावी कळलंय. वर्धा जिल्ह्यात आर्वी-कारंज्याकडची गवळाऊ गाय, पूर्णेच्या काठची पूर्णाथडी म्हैस, मेळघाटातल्या गवळ्यांचा खवा. आपल्याकडे जनावरंही आहेत आणि करणारे हातही आहेत. अडतं ते विक्रीशी. तालुक्याचा हॉटेलवाला विचारतो, "बिलावर नंबर आहे का?" त्याचंही चूक नाही. १ जानेवारी २०२२ पासून अन्नपदार्थाच्या बिलावर विकणाऱ्याचा १४ अंकी एफएसएसएआय (देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) क्रमांक असणं सक्तीचं आहे. नंबर नसलेला माल तो कागदावर घेऊच शकत नाही.

हा लेख पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी आहे. आमच्या भागात लोकांचे अर्ज भरायला मी मदत करतो. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो: अर्ज शेवटी भरायचा असतो. रोजचे लिटर किती, पदार्थ कोणता आणि खोली कशी, हे आधी पक्कं करा. ते पक्कं असलं की अर्ज एका बैठकीत होतो. नसलं की त्रुटी निघत राहतात.

आधी लिटर मोजा

"भाऊ, पन्नास लिटर तं दूध आहे, त्याले कायचं लायसन?" हा प्रश्न हमखास येतो. जुन्या मंडळींच्या डोक्यात अजून १९९२ चा दूध व दुग्धजन्य पदार्थ आदेश असतो. त्याखाली दिवसाला १०,००० लिटरच्या वर दूध हाताळणाऱ्यांनाच नोंदणी लागायची. तो आदेश आता राहिला नाही. अन्न सुरक्षा व मानदे कायदा २००६ चा, त्याखालची परवाना आणि नोंदणीची नियमावली ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाली, आणि तिथून पुढे लहानातल्या लहान धंद्यालाही निदान नोंदणी आहेच.

दूध प्रक्रियेसाठी या नियमावलीनं आखलेल्या रेषा अशा: दिवसाला ५०० लिटरपर्यंत नोंदणी, ५०१ ते ५०,००० लिटरपर्यंत राज्य परवाना आणि त्याच्या वर केंद्रीय परवाना. दूध पावडरीसारख्या मालासाठी लिटरऐवजी दुधातल्या घन पदार्थांचं वार्षिक वजन धरतात. गावातलं पहिलं युनिट बहुतेक वेळा नोंदणीत किंवा राज्य परवान्याच्या खालच्या टप्प्यात बसतं. अर्ज भरण्याआधी फॉसकॉस या एफएसएसएआयच्या ऑनलाइन पोर्टलवर पात्रता तपासण्याची सोय आहे. तिथं आपला धंदा टाकून त्या दिवशी कोणता प्रकार लागू होतो ते बघून घ्या.

मोजताना सरासरी धरू नका. हिवाळ्यात चारा हिरवा असतो तेव्हा दूध वाढतं, उन्हाळ्यात आटतं. वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या दिवशी किती दूध येईल ते धरा, आणि घेणार असलेल्या मशिनची क्षमताही बघा. ४५० लिटरच्या हिशेबानं नोंदणी काढायची आणि खोलीत हजार लिटरची मशीन बसवायची, हे तपासणीत टिकत नाही. वर्षभरात ५०० पार होईल असं दिसत असेल तर सरळ राज्य परवाना काढा.

एक सूट माहीत असू द्या. नोंदणीकृत सहकारी दूध संस्थेचा सभासद असलेला आणि आपलं सगळं दूध त्याच संस्थेला घालणारा उत्पादक यातून मोकळा आहे. "सगळं" हा शब्द महत्त्वाचा. निम्मं संस्थेला आणि निम्म्याचं घरी दही लावून बाजारात, असं असेल तर ही सूट लागू होत नाही.

मग खोली

सर्वाधिक वेळ इथं द्या, कारण कागद बदलता येतो, बांधलेली भिंत बदलायला पैसे लागतात.

नियमावलीच्या परिशिष्ट ४ मध्ये जागा कशी हवी ते दिलंय. नोंदणीवाल्यांसाठी त्याचा पहिला भाग सोपा आहे, परवानावाल्यांना दुसरा भाग लागतो, आणि दुधासाठी तिसऱ्या भागात वेगळी कलमं आहेत. मराठीत सांगायचं तर एवढं: गोठा आणि प्रक्रियेची खोली एकमेकांना लागून नको. शेणाच्या खड्ड्यावरून माशी थेट कढईवर येईल अशी मांडणी असली की बाकी सगळं चांगलं असूनही अडतं. जमीन गुळगुळीत, पाणी न शोषणारी आणि नालीकडे उतार असलेली. भिंतींना धुता येईल असा थर, बहुतेक जण टाइल्स लावतात. खिडक्यांना जाळी, दार आपोआप बंद होणारं. दिव्यांना आवरण, म्हणजे ट्यूब फुटली तर काच दुधात पडणार नाही. हात धुवायची जागा आत शिरतानाच, साबणासकट. संडासाचं दार प्रक्रियेच्या खोलीत उघडता कामा नये.

खवा करणाऱ्यांना विशेष सांगतो. लाकडाच्या भट्टीवरची उघडी कढई असेल तर काजळी छतावर बसते आणि वाफेनं ओली होऊन खाली गळते. खव्यात काळे ठिपके दिसतात ते बरेचदा याचेच. भट्टीचं तोंड खोलीच्या बाहेर काढा, म्हणजे जाळ बाहेरून घालायचा आणि ढवळणं आतून. जमत असेल तर गॅस किंवा वाफेवरची खवा मशीन घ्या. कढई-खुरचणं स्टेनलेस स्टीलचं.

आता पाणी. आपल्या भागात हा मुद्दा हलका घेऊ नका. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं, यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइड. उत्पादनाच्या परवान्याला पाणी पिण्यायोग्य असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल जोडावा लागतो. बांधकाम काढायच्या आधीच नमुना तपासून घ्या. पाणी नापास निघालं तर आरओ बसवायचा की दुसऱ्या जागी जायचं, हा निर्णय भिंती उभ्या व्हायच्या आधी होतो. खाऱ्या पाण्यानं बॉयलरमध्ये थर बसतो तो खर्च वेगळाच.

आणि वीज. शेतातल्या कृषिपंपाच्या जोडणीवर बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवायची टाकी, चालवू नका. तो वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. वर शेतीच्या फीडरला चोवीस तास पुरवठा नसतो. दूध ४ अंशांवर ठेवायचं तर महावितरणकडून औद्योगिक जोडणी घ्या आणि जनरेटरची सोय हिशेबात धरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा वीज जाऊन कॅन बाहेर राहिले की दूध फाटायला वेळ लागत नाही. अशा वेळी कुणीतरी सल्ला देतं, "थोडा सोडा टाक, टिकते." कधीही टाकू नका. दुधातला सोडा ही भेसळ आहे आणि साध्या चाचणीत तो पकडला जातो.

जागा शेतजमिनीवर असेल तर बांधकामाआधी तहसील कार्यालयात अकृषक वापराचं विचारून घ्या. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार करा. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि ना हरकत दाखला घ्या. पनीर करणार असाल तर पाण्याच्या निचऱ्याचा विचार आत्ताच. शंभर लिटर म्हशीच्या दुधातून साधारण २० किलो पनीर निघतं, बाकीचं ऐंशीएक लिटर आंबट पाणी राहतं. ते गावाच्या नालीत सोडलं की आठवडाभरात वास सुटतो आणि शेजाऱ्यांची तक्रार ठरलेली. ताजं असताना जनावरांना पाजता येतं. परवान्याच्या टप्प्यातलं युनिट असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयात संमतीपत्राचं विचारा. ती संमती दोनदा असते, उभारणीआधी आणि उत्पादन सुरू करताना.

कागद

नोंदणीला नमुना 'अ', परवान्याला नमुना 'ब'. नोंदणीला फारसं काही लागत नाही: फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा, पदार्थांची नावं.

परवान्याची फाइल मोठी आहे. त्यात जागेचा मोजमापांसह नकाशा, यंत्रांची यादी क्षमता आणि हॉर्सपॉवरसह, जागेच्या ताब्याचा पुरावा, पाण्याचा अहवाल, अन्न सुरक्षा व्यवस्थापनाचा आराखडा, खराब माल बाजारातून परत कसा बोलावणार त्याची योजना, मालक, भागीदार किंवा संचालकांची यादी, आणि दूध कुठून येणार त्याची योजना संकलन केंद्रांच्या ठिकाणांसह. ही शेवटची गोष्ट फक्त दुधाच्या धंद्याला लागते आणि नेमकी तीच राहून जाते. कोणत्या गावांतून, साधारण किती लिटर, कोणत्या गाडीनं, हे एका पानावर लिहिलं तरी चालतं, पण खरं लिहा.

नकाशासाठी इंजिनिअरकडे जाताना त्याला एवढं नक्की सांगा: दूध येतं ते दार आणि तयार माल जातो ते दार वेगळं दाखव. मधे क्रमानं स्वीकार, तपासणी, गरम करणं, थंड करणं, पॅकिंग, शीतसाठा. कच्चं दूध आणि तयार माल यांची वाट एकमेकांना छेदायला नको. अधिकारी नकाशावर बोट ठेवून हीच वाट तपासतात.

बचत गट असेल तर गटाचं नोंदणी प्रमाणपत्र आणि कुणाच्या नावे अर्ज करायचा त्याचा ठराव जोडा. शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर अन्न सुरक्षेसाठी जबाबदार व्यक्ती नेमल्याचं नमुना ९ चं पत्र लागतं. त्या माणसाला खरंच युनिटवर असायला हवं, कारण चूक झाली तर नोटीस त्याच्या नावे येते.

उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाची नोंदणी) आणि शॉप ॲक्टची पावती म्हणजे अन्न परवाना नव्हे. उद्यम मोफत निघतं, कर्जाला उपयोगी पडतं, जरूर काढा, पण ते दाखवून पनीर विकता येत नाही.

अर्ज

पोर्टल एकच, फॉसकॉस. अर्ज तुमच्या जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाकडे जातो. संगणकाची सवय नसेल तर सेतू केंद्रातून भरा, पण मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्या. याबद्दल मी हट्टी आहे. एजंटनं स्वतःचा नंबर टाकला की त्रुटीचा निरोप त्याच्याकडे जातो, पासवर्ड त्याच्याकडे राहतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी तुम्ही त्याच्या दारात उभे. आमच्या ओळखीच्या एका ताईंचा अर्ज असाच मेला. त्रुटी निघाली होती, निरोप त्यांच्यापर्यंत आलाच नाही.

शुल्क नियमावलीत ठरलेलं आहे. नोंदणीला वर्षाला १०० रुपये. राज्य परवान्याला ५०१ ते १०,००० लिटरपर्यंत वर्षाला ३,००० आणि १०,००१ ते ५०,००० लिटरपर्यंत ५,०००. भरणा ऑनलाइन होतो, पावती निघते. त्याच्या वर कुणी "साहेबांचे" म्हणून मागितले तर ते शुल्क नव्हे.

पदार्थ निवडताना घाई नको. दही, पनीर, खवा, तूप, श्रीखंड, प्रत्येकाची वेगळी नोंद करा. परवान्यात पनीरच असेल आणि दिवाळीत श्रीखंडाचे डबे काढले तर तो माल विनापरवाना. नंतर वाढवता येतं, पण त्यासाठी बदलाचा अर्ज करावा लागतो. आणि परवाना जागेला असतो. युनिट गावात आणि विक्रीचं दुकान तालुक्याला असेल तर दुकानाचं वेगळं काढा.

अर्ज गेला की १७ अंकी संदर्भ क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा. नोंदणीत सात दिवसांत मंजुरी, नकार किंवा तपासणीची सूचना यायला हवी, आणि तपासणी लागली तर ३० दिवसांत निर्णय. परवान्याला मुदत ६० दिवसांची. कागदात कमी असेल तर पहिल्या १५ दिवसांत कळवतात आणि तुम्हाला ३० दिवस मिळतात. त्यात उत्तर नाही गेलं की अर्ज रद्द. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी लॉगिन करून बघत जा.

तपासणीच्या दिवशी

अन्न सुरक्षा अधिकारी येतात तेव्हा खोली चालू स्थितीत असावी. काम करणाऱ्यांना टोपी, ॲप्रन, हातात अंगठी-बांगडी नाही. प्रत्येकाचा वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीचा दाखला आणि आतड्याच्या आजारांविरुद्ध लस. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विहित नमुन्यातच घ्या, साध्या चिठ्ठीवर नको. थर्मामीटर, लॅक्टोमीटर, फॅट मशीन, आणि त्यासोबत रोजची वही. वहीत तारीख, गाव, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), पाश्चरायझेशनचं तापमान आणि वेळ. लहान युनिटमध्ये ६३ अंशांवर ३० मिनिटं धरून लगेच ४ अंशांपर्यंत थंड करतात. मोठ्या प्लेटच्या यंत्रात ७२ अंशांवर १५ सेकंद. वही कोरी असेल तर हे सगळं तुम्ही करता असं कुणी मानणार नाही.

परवान्यासाठी उत्पादनावर देखरेख करणारा एक तांत्रिक माणूसही हवा, रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेला विज्ञान पदवीधर, नाहीतर फूड टेक्नॉलॉजीची पदवी किंवा पदविका. गावात बीएस्सी झालेली पोरं-पोरी कामाच्या शोधात असतात. त्यांच्यासाठी ही नोकरी आहे. एफएसएसएआयच्या फॉस्टॅक प्रशिक्षणात दुधाचा वेगळा अभ्यासक्रम आहे, तो त्यांना करवून घ्या.

लेबल आणि माल

नंबर मिळाला म्हणजे पाकीट छापायला मोकळे, असं नाही. पदार्थाचं नाव, घटक, पोषणमूल्य, हिरवं शाकाहारी चिन्ह, एफएसएसएआयचं चिन्ह आणि क्रमांक, पूर्ण पत्ता, बॅच, तयार केल्याची आणि वापराची शेवटची तारीख, कसं साठवायचं ते, निव्वळ वजन आणि किंमत. वजन-किंमतीचे नियम वैधमापन खात्याचे आहेत, काट्यावर त्यांची मुद्रा हवी. पहिल्यांदा पाच-दहा हजार पिशव्या छापू नका. थोड्या छापा, कुणा जाणत्याला दाखवा.

पाकिटावर लिहिलेलं नाव हे वचन असतं आणि प्रत्येक नावाला आकडा आहे. पनीरमध्ये ओलावा ६० टक्क्यांच्या वर नको आणि कोरड्या भागात दुधाची स्निग्धता किमान ५० टक्के हवी. खव्यात कोरड्या भागात किमान ३० टक्के. पाकिटातलं दूध 'टोन्ड' म्हणाल तर फॅट ३.० आणि एसएनएफ ८.५, 'फुल क्रीम' म्हणाल तर ६.० आणि ९.०. वनस्पती तेल घातलेल्या वड्यांना पनीर म्हणताच येत नाही. आपलं पनीर खरं दुधाचं असेल तर बाजारात तीच आपली ताकद आहे.

तुपाचं मात्र आपल्या भागात एक खास प्रकरण आहे. सरकी ढेप भरपूर खाणाऱ्या जनावरांच्या तुपात आरएमचा (वाफेबरोबर उडणाऱ्या आम्लांचा) आकडा खाली उतरतो आणि बीआरचा (तुपातून प्रकाश किती वळतो त्याचा) वर चढतो. हे दोन्ही आकडे तुपाच्या शुद्धतेसाठी तपासतात. जुन्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत कापूसपट्ट्यातल्या तुपाला वेगळे निकष होते ते याच कारणानं. म्हणजे एकही थेंब भेसळ न करता कढवलेलं तूप आपल्याकडे कागदावर संशयित ठरू शकतं. विक्री सुरू करण्याआधी प्रत्येक हंगामातलं आपलं तूप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून आकडे हातात ठेवा, आणि गरज पडली तर ढेपेचं प्रमाण कमी करून चाऱ्याचं वाढवा.

जीएसटीसाठी हिशेबनिसाला विचारा. सुटं ताजं दूध करमुक्त आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद पनीरही, तूप-लोणी ५ टक्क्यांत, पाकीटबंद दही-ताकही ५ टक्क्यांत.

मिळाल्यानंतर

परवाना भिंतीवर दिसेल असा लावा. परवानाधारक उत्पादकानं वर्षाचं विवरणपत्र, नमुना ड-१, ३१ मेच्या आत ऑनलाइन भरायचं असतं, उशिराला दिवसाला १०० रुपये दंड. नोंदणीवाल्यांना ते नाही. परवानाधारकाला मालाची तपासणी सहा महिन्यांतून एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावी लागते. नूतनीकरण मुदत संपायच्या शेवटच्या ३० दिवसांत ढकललं की तिथंही दिवसाला १०० रुपये. तारीख कॅलेंडरवर लिहा.

आणि कधीतरी नमुना घ्यायला अधिकारी येतील. घाबरून दार लावू नका, ती कायद्यातलीच पद्धत आहे. नमुन्याचे पैसे ते तुम्हाला देतात. नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वरचा अधिकारी), आणि चौथा तुम्ही लेखी मागणी केली तर मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेकडे, त्याचा खर्च तुमचा. ही मागणी त्याच वेळी करायची असते, नंतर नाही. सील होताना समोर उभे राहा, पंचनाम्यावर बॅच आणि वेळ बरोबर आहे का ते वाचा, मगच सही करा. अहवाल विरोधात आला तर पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं. त्यासाठी तुमची रोजची वही, त्या बॅचच्या नोंदी आणि प्रयोगशाळेचे आधीचे अहवाल सोबत जोडा.